बरडीवरची घागर

१

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरड चढत होते आणि माझ्या कडेवर माझा नवरा होता. म्हणजे त्याची घागर.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. तिच्या तोंडावर लहान मडकं, त्यावर खरबूज, सांजोरी, आंबा. घागर भरायची ती पुरुषांनी. मला ना मुलगा ना दीर, म्हणून आमच्या ह्यांची मीच भरते. एकदा भटजींनी नाक मुरडलं होतं. मी चोपड्याच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते, नाक मुरडणाऱ्याकडे कसं बघायचं ते मला येतं. पुन्हा त्यांनी मुरडलं नाही.

निवृत्त होऊन धुळ्याला आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, अक्का, चाला. नुसतं चालायचं मला जमत नाही, म्हणून मी बरडीवर झाडं लावणाऱ्या मंडळात शिरले. सोनगीरच्या बाजूची ही बरड म्हणजे मुरमाड टेकडी, कुसळाशिवाय तिथे काही उगवत नव्हतं. मंडळ चालवणाऱ्या हिलालभाऊंनी डोकं लढवलं. प्रत्येकाने आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने एक झाड लावायचं, आणि आखाजी झाली की पुजलेली घागर फेकायची नाही, त्या झाडाच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरायची. कच्च्या मातीतून पाणी पाझरतं आणि भर वैशाखात रोप जगतं. मेलेल्याला पाणी आणि जित्यालाही.

तर त्या दिवशी, म्हणजे ब्याण्णव सालच्या आखाजीनंतर, आम्ही वर पोचलो आणि पुढे चालणारे मिश्रीलालजी एकदम थांबले. कापडाचे व्यापारी, जैन माणूस, मंडळाला रोपं तेच देतात. त्यांनी बोट दाखवलं.

टोकाच्या कडुनिंबाशी एक घागर आधीच पुरलेली होती. तोंडावर लहान मडकं, खरबूज, सांजोरी, हळदकुंकू. शेजारी काडीला लावलेला चिंचेचा गोळा, लहानपणी आपण मीठ-जिरं घालून कुटायचो तसा. सगळं कालचं, वाळलेलं, पण कशालाही कावळ्याने चोच लावलेली नव्हती.

वाईट एवढंच, की तो कडुनिंब कोणाच्याही पितरांचा नव्हता. तो हिलालभाऊंचा होता. वर्षापूर्वी हिलालभाऊ कोणाला न सांगता नाहीसे झाले, त्याच सकाळी तो तिथे लावलेला सापडला होता. जाताना शेवटचं झाड लावून गेला माणूस, म्हणून आम्ही सगळे तेव्हा रडलो होतो.

आम्ही वाकून बघत राहिलो. हिलालभाऊंचा धाकटा भाऊ पंडित तेवढा मागे उभा होता. आता मंडळ तोच सांभाळतो. जमीन तव्यासारखी तापायला लागली होती, सगळीकडे बाभळीचे काटे, आणि हा बाबा अनवाणी. चपला मागे काढून ठेवलेल्या. मी मनात म्हटलं, उन्हाने डोकं फिरलंय याचं.

तेवढ्यात मागून कळशी आपटल्याचा आवाज आला. हिलालभाऊंची बायको सुगंधाबाई दर सोमवारी त्या कडुनिंबाला पाणी घालायला येते, ती आली होती. तिने घागर बघितली. कपाळावरच्या कुंकवाला हात लावला आणि अगदी हळू विचारलं.

"माझा माणूस जिवंत आहे. त्याची घागर कोणी भरली?"

२

कोणी कबूल झालं नाही. पंडित म्हणाला, "कोणीतरी चेष्टा केली असेल वहिनी. दादाला मी स्वतः सुरतेच्या स्टेशनात बघितलं. हाक मारेपर्यंत गर्दीत गेला." हे तो वर्षभर सांगत होता. पोलिसांनाही त्याने हेच सांगितलं होतं, आणि पोलीस तेवढ्यावर सुखाने झोपले होते.

त्या घागरीला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. आम्ही आपापल्या पुरल्या, भरल्या, वर चपटे दगड ठेवले आणि मुकाट्याने उतरलो.

दुसऱ्या दिवशी गेलो. आमच्या घागरी दोन बोटं उतरल्या होत्या, तेवढ्याच उतरतात. त्या घागरीचं मडकं मी बाजूला केलं. आत थेंब नव्हता. बुडाला हात लावला तर गार लागलं.

त्याच्या पुढच्या दिवशी ती काठोकाठ भरलेली होती. वरचं खरबूज, सांजोरी जिथल्या तिथे, कावळ्यांनी अजून शिवलेलं नाही. आणि त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा कोरडी.

मग काय, मंडळात कुजबुज सुरू झाली. तिथे कोणीतरी पितंय. एकेक जण यायचा बंद झाला. कोणाच्या गुडघ्याला वात आला, कोणाच्या घरी पाहुणे आले. बाकीची रोपं उन्हात माना टाकायला लागली आणि तो टोकाचा कडुनिंब मात्र हिरवागार, पानं तेल लावल्यासारखी. मी भुताखेतांना मानत नाही. पण त्या झाडाकडे पाठ करून उभी राहत नव्हते, हेही सांगून टाकते.

त्या दुपारी सुगंधाबाई माझ्याकडे देवपुरात आली. पाणी दिलं तर प्याली नाही.

"अक्का, तुम्ही शाळेत पोरींची चोरी पकडायच्या म्हणतात. मला एवढंच शोधून द्या. गावात म्हणतात, हिलालने दुसरी केली. दीर म्हणतात, सुरतेला आहेत. आता ही घागर. मी कुंकू लावू की पुसू, एवढं सांगा. दोन्ही करीन. पण रोज सकाळी आरशासमोर बोट कुंकवात बुडवून थांबते ना, ते आता नाही होत."

ती गेल्यावर मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिले, आणि मग एक साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली. चेष्टा करणारा माणूस रोज बरड चढून पाणी भरत नाही. घागर जिवंत माणसाची भरत नाहीत. ती ज्याने भरली त्याला हिलालभाऊ मेल्याचं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणारा माणूस जगात एकच असू शकत होता.

३

संशय घ्यायला माणसं तीन. मी एकेकाला गाठलं.

मिश्रीलालजी दुकानात गादीवर बसले होते. हिलालभाऊंशी त्यांचं एकदा चांगलंच वाजलं होतं. बरडीच्या वाटेवर वडिलांच्या नावाची कमान उभारायची त्यांची इच्छा होती. हिलालभाऊ म्हणाले होते, झाडाला सावली असू दे, पाटी नको.

"बाईजी, राग आला होता, खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "पण आमच्यात घागर भरत नाहीत. आखातीजला आमच्याकडे वर्षभराच्या तपाचं पारणं असतं, उसाच्या रसाने. त्या दिवशी मी मंदिरातून हललो नाही, सगळा समाज साक्षीला आहे. आणि ती सांजोरी कशी करतात, ते आमच्या घरी कोणाला येतही नाही."

"हिलालभाऊंचं दुसऱ्या कोणाशी वाकडं होतं?"

त्यांनी कापडाचा तागा उगाच सरळ केला. "घरातलं मी काय बोलू. बरडीच्या पायथ्याचं शेत दोघा भावांचं सामायिक. एक खडीक्रशरवाला मागे लागला होता. पंडितने शब्द दिला होता म्हणतात. हिलालभाऊ सही देत नव्हते. क्रशर आला असता तर बरड पोखरली गेली असती."

धनसिंग बरडीच्या पायथ्याला बकऱ्या चारतो. त्याच्या बकऱ्या रोपं खात म्हणून हिलालभाऊंनी त्या एकदा कोंडवाड्यात घातल्या होत्या. तेव्हा त्याने शिव्याशाप दिले होते, अख्ख्या गावाने ऐकले होते. मी विचारलं तर तो चिडला नाही. त्याने काठी जमिनीवर टेकली.

"अक्का, बठ्ठा म्हनतस हिलालभाऊ गया. मी म्हनस, तो अठेच शे."

"सगळे म्हणतात गेले, आणि तू म्हणतोस इथेच? कशावरून?"

"मन्या बकऱ्या तठे जातस नही. बठ्ठी झाडं खातस, तो निंब नही. वरीसभर देखस मी. तठे खरबूज शे, सांजोरी शे, तरी तोंड लावतस नही." त्याने बरडीकडे बघितलं नाही. "माले भ्याव वाटस."

हे सांगताना त्याच्या अंगावर काटा आला होता. काटा काही नाटक करून आणता येत नाही.

पंडित घरीच सापडला. दोघा भावांचं घर एकाच अंगणात, मधे नुसती तुळस. त्याने मला खुर्ची दिली, चहा सांगितला, पुन्हा सुरत सांगितली. बोलताना तो सारखा तांब्याने पाणी पीत होता. एक तांब्या संपला की दुसरा. उन्हाळा होता, मी मनावर घेतलं नाही.

"तुमच्या घरच्या घागरी यंदा कोणी भरल्या?" मी विचारलं.

"मीच. आई-वडिलांच्या. दादा नाही तर मलाच भरायला हव्यात." तो थांबला. "अक्का, ती घागर काढून टाका ना. लोक घाबरतात."

"मग तूच काढ की. मंडळ तुझं आहे."

त्याने तांब्या खाली ठेवला. पाणी थोडं सांडलं, त्याच्याकडे तो बघत राहिला. "मी नाही काढू शकत," तो म्हणाला, आणि आत निघून गेला.

४

अंगण ओलांडून मी सुगंधाबाईकडे गेले. ती आमटीला फोडणी देत होती. मी सहज म्हटलं, चिंच कमी घाल, मला आंबट सोसत नाही.

"चिंच या घरात येतच नाही अक्का. ह्यांना चालायची नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी कैरी नाहीतर आमसूल घालते."

मी पाटावर बसले होते ती सरळ झाले. "मग तिथे चिंचेचा गोळा कोणी ठेवला?"

"तेच मला कळत नाही. घागरीवर ठेवतात ते मेलेल्याच्या आवडीचं. ज्याने ठेवला त्याला हे माहीतच नसणार."

"का चालत नव्हती? पित्त?"

"विचारलं होतं एकदा. म्हणाले, आई गेली तेव्हा सोडली. काय ते बोलले नाहीत पुढे."

आमच्यात अशी रीत आहे. आई गेली, बाप गेला की आवडीची एक गोष्ट त्यांच्या नावाने सोडायची, जन्मभर. सोडायची ती नावडती नव्हे. ज्याने चिंच सोडली, त्याला ती जिवापाड आवडत असणार, आणि हे लग्नाच्या आधीपासून त्याच्या ताटाशेजारी जेवलेल्या माणसालाच माहीत असणार.

असा माणूस त्या अंगणात एकच होता. पण एवढ्यावर कोणाला खुनी म्हणायचं नाही, मी मुख्याध्यापिका होते, फौजदार नव्हते. मी अंगणात आले. सुगंधाबाई मागोमाग आली आणि तुळशीजवळच्या मोकळ्या जागेकडे बोट करून म्हणाली, "इथेच डालड्याच्या डब्यात ते कडुनिंबाचं रोप होतं. ह्यांनी बी रुजवलं होतं. ते गेले आणि डबाही गेला. म्हणून तर मी म्हणते, जो माणूस जाताना झाड लावतो तो परत येतो. दर सोमवारी पाणी घालते तेव्हा मी त्याच्याशी बोलते. तासभर बसतेच."

"ते नाहीसे झाले तेव्हा आखाजी होऊन किती झालं होतं?"

"झालीच होती नुकती. बरडीवर खड्डे खणून ठेवलेले होते ना."

खड्डे.

हिलालभाऊंचा एक नेम होता, आणि तो मोडणाऱ्याला ते झापायचे. खड्डे उन्हाळ्यात खणायचे, उघडे ठेवायचे, ऊन खाऊ द्यायचे, म्हणजे वाळवी मरते. मृग लागून जमीन भिजल्याशिवाय खड्ड्यात मूठभर माती टाकायची नाही. मी एकदा वळिवाला भुलून तुळशीचं रोप लावलं, तर मुख्याध्यापिकेलाही त्यांनी सगळ्यांसमोर झापलं होतं.

आणि तो माणूस वैशाखाच्या रणरणत्या उन्हात, घराची माया सोडून जाताना, स्वतःच्या हाताने रुजवलेलं रोप मरायला लावून जाईल? आम्ही सगळे त्या झाडापाशी रडलो. विचार मात्र आमच्यातल्या एकानेही केला नव्हता.

"काय झालं अक्का?" सुगंधाबाई विचारत होती.

त्या बाईच्या डोळ्याला डोळा देणं मला जमलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर मी बरडीवर गेले. मिश्रीलालजी आणि धनसिंग यांना बाभळीच्या काट्यांच्या ढिगामागे बसवलं. धनसिंग नको नको म्हणत होता, पण आला. घागर कोरडी होती. मी कडुनिंबाशेजारी दगडावर बसले आणि वाट बघत राहिले. वारा नव्हता. तरी त्या एका झाडाची पानं हलत होती.

पंडित कळशी घेऊन आला. मला बघून थबकला. मग त्याने चपला काढल्या आणि अनवाणी पुढे आला.

"त्या दिवशीही काढल्या होत्यास," मी म्हटलं. "काट्यांत अनवाणी कोणी उभं राहत नाही पंडित. मसणात मात्र राहतात."

त्याने कळशी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली.

"हिलालने मृगाआधी कधी झाड लावलं नाही. म्हणजे हे त्याने लावलेलं नाही. कोणाला तरी एक उघडा खड्डा घाईने बुजवायचा होता, आणि बुजवलेला दिसू नये म्हणून वर झाड हवं होतं. डबा तुमच्या अंगणातला. तो घ्यायला परका आला असता तर सुगंधाला कळलं असतं. आमच्या घागरी घट्ट मुरुमात आहेत म्हणून पाणी टिकतं. इथे खालपर्यंत खणून भुसभुशीत भरलंय, म्हणून माती एका दिवसात घागर पिते. आणि हा चिंचेचा गोळा. बायकोला माहीत नाही, मित्रांना माहीत नाही. तुला आहे."

पंडित खाली बसला. आधी कळशी नीट टेकवली, सांडू दिली नाही.

"आई कुटून द्यायची," तो म्हणाला. "दादा माझ्या वाटचीही खायचा. ती गेल्यावर सोडली त्याने. मेल्यावर कसला नेम अक्का? म्हणून ठेवली."

"हे सगळं वर तसंच का सोडलंस? दुसऱ्या दिवशी आम्ही येणार, हे तुला माहीत होतं. नुसती घागर असती तर आमच्या गर्दीत खपून गेली असती."

"कावळा शिवला नाही." त्याचा आवाज फाटला. "मी सबंध दिवस वाट बघितली. कावळा नाही, बकरी नाही, मुंगीसुद्धा नाही. न शिवता मी उचलू कसं? त्याचं समाधान झाल्याशिवाय कसं उचलू?"

मग त्याने सांगितलं. क्रशरवाल्याला त्याने शब्द दिला होता. संध्याकाळी इथेच दोघांची बाचाबाची झाली. त्याने ढकललं आणि हिलालभाऊ खड्ड्यात पडले, डोकं कातळावर.

"मारायचं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. तो जिवंत होता. पाणी मागत होता. मी म्हटलं आणतो, आणि खाली पळालो. धनसिंगच्या झोपडीपर्यंत गेलो. माठ दिसत होता मला. आणि तिथेच उभा राहिलो."

"का?"

"मनात आलं, थोडं थांबलं तर सगळंच मिटेल." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अंधार पडेपर्यंत थांबलो. वर आलो तेव्हा तो बोलत नव्हता. मेला हे सांगता येईना, आणि जिवंत आहे म्हणून सहीही नाही. शेत तसंच पडलंय. आता मी कितीही पाणी प्यालो तरी माझा घसा सुकलेलाच राहतो अक्का. आणि ही घागर कितीही भरली तरी दुसऱ्या दिवशी रिकामी."

मिश्रीलालजी ढिगामागून उठले. धनसिंग उठला नाही, तो रडत होता. मी पंडितला म्हटलं, चल. तो म्हणाला, एवढी भरू द्या. त्याने कळशी घागरीत ओतली. पाणी आत जाताना आवाज येतो तसा आला, आणि मग बराच वेळ येतच राहिला. आम्ही तिघांनीही तो ऐकला. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

६

पोलिसांनी खणलं. मी धनसिंगला सांगून कडुनिंब मातीच्या गड्ड्यासकट आधी काढून घेतला होता. मुळं खूप खोल गेली होती. कशात गुंतली होती ते मी बघितलं, लिहिणार नाही.

सुगंधाबाईला मीच सांगितलं. सगळं सांगितलं, पाणी मागितलं होतं ते सोडून. ते माझ्या तोंडून निघेना. पण ती बाई काही खुळी नव्हती.

"तुम्ही काहीतरी ठेवून घेतलंय अक्का. शेवटी काय म्हणाले ते?"

मला खोटं बोलता आलं नाही. "पाणी मागितलं होतं गं. मिळालं नाही."

तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मग तिने विचारलं, "मी सोमवारी जे पाणी घालायचे, ते खालपर्यंत जात असेल?"

"जात असणार. माती भुसभुशीत होती."

"म्हणजे वर्षभर ते माझ्याच हातचं पाणी प्याले," ती म्हणाली. आता कुठे तिच्या डोळ्यांना धार लागली. "मग झालं. मग तहानलेले नाही गेले."

त्या आठवड्यात तिने बाजारातून नवी घागर आणली. आखाजी उलटून गेली होती आणि भटजी तयार नव्हते. मी त्यांच्याकडे जाऊन फक्त बघून आले. कडुनिंब बरडीवरच दुसऱ्या खड्ड्यात लावला, मृगाची वाट न बघता, हिलालभाऊ आम्हाला क्षमा करोत. सुगंधाबाईने घागर स्वतः भरली, स्वतः पुरली. वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली, आणि माझ्याकडून शिकून केलेला चिंचेचा गोळा.

आम्ही मागे सरलो. पहिला कावळा चिंचेवरच उतरला. धनसिंगची एक बकरी त्या कडुनिंबाला तोंड लावायला आली आणि त्याने तिला हाकललं. सुगंधाबाई म्हणाली, राहू दे रे, खाऊ दे तिला.